धुतलेला हातमोजा

हजेरीच्या वहीत त्याचं खरं नाव असेलच, पण गोठ्यात तो नाकमुरडे. तोंडावर दादा, पाठ फिरली की नाकमुरडे. एकदा औषधं विकणारा एक नवा माणूस आला होता. त्याने दोन-चार जणांच्या तोंडून हे ऐकलं आणि बिचाऱ्याने आपल्या वहीत साळसूदपणे लिहून टाकलं, 'श्री. नाकमुरडे यांना भेटलो. स्वभाव कडक.' ती वही बंबाने पाहिली आणि पुढे तीन दिवस सगळा गोठा पोट धरून हसत होता. बंब म्हणजे धारा काढणारा गडी. अंगाने तसाच गोल, आणि आतून सदा तापलेला, म्हणून बंब.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. माणूस दिवसातून चाळीस वेळा 'शी!' म्हणायचा. कपाच्या कडेला डाग दिसला, शी! कुणी शिंकून तोच हात पँटला पुसला, शी! चहाला बसला की आपला कप आपण विसळणार, उजेडात धरून बघणार, आणि बघितल्यावर समाधान झालं नाही म्हणून पुन्हा विसळणार. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने ओळखलं, आपल्या वाट्याला नवरा कमी आणि सासू जास्त आलीय.

आणि एवढा टापटिपीचा माणूस पोटासाठी करत काय होता? तर एकतीस वर्षं गाईंच्या मागून खांद्यापर्यंत हात घालत होता! दीडशे गाईंचा गोठा. गाय माजावर आली की तिला वळूच्या बीजाची कांडी भरायची, दीड-दोन महिन्यांनी हात घालून चाचपायचं आणि सांगायचं, गाभण की खाली, म्हणजे रिकामी. खाली असली तर पुन्हा पहिल्यापासून. आता तुम्ही म्हणाल, याची त्याला किळस नव्हती? अजिबात नाही. 'शेण म्हणजे काय, पोटातून फिरून आलेलं गवत,' असं म्हणायचा. त्याला किळस होती ती माणसांची. माणसांच्या घामाची, थुंकीची, उष्ट्याची आणि सगळ्यात जास्त म्हणजे माणसांच्या 'चालतंय की' या दोन शब्दांची.

दोन वर्षांपूर्वी गोठ्यात नवी पद्धत आली, आणि त्याच्या नाकाला विश्रांती म्हणून राहिली नाही.

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं, की गाय आपल्या मर्जीने कधी माजावर येते याची वाट किती बघायची? पहाटे उठून कोण कुणावर चढतंय ते बघत बसायचं, त्यातही निम्म्या गाई मुक्या माजाच्या, कळतच नाहीत. त्यापेक्षा हार्मोनची औषधं द्यायची आणि वीस गाई एकदम, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तयार करायच्या. त्यासाठी एक रबरी काडी यायची, दोन फाट्यांची. ती नळीने गाईच्या आत बसवायची, तिची दोरी बाहेर लोंबत राहायची, आणि सात दिवसांनी त्याच दोरीला धरून ओढून काढायची. डब्यावर तिचं नाव वीतभर लांब होतं. गोठ्यात सगळे तिला 'शेपटी' म्हणत. शेपटी काढली की माजाचं इंजेक्शन, मग आणखी एक इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवशी ओळीने कांड्या. एवढंच.

आठवड्यातून दोनदा डॉक्टरबाई यायच्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण कामात पक्क्या. त्या म्हणायच्या, "काका, नाकं मुरडू नका. ज्या गाई एरवी दोन-दोन वर्षं भाकड उभ्या राहतात, त्या याने गाभण राहतात."

"राहत असतील," तो म्हणायचा, "पण सात दिवस ती दोरी लोंबकळवत फिरायची म्हणजे... शी!"

खरी शी पुढेच होती. डब्यावर स्वच्छ लिहिलेलं, शेपटी एकदाच वापरायची. साहेब म्हणाले, एकदाच कशाला? अजून औषध शिल्लक असतं तिच्यात. धुवा आणि दुसरीला घाला. झालं! बंबाने बादली आणली. वीस गाईंमधून ओढून काढलेल्या वीस शेपट्या एका बादलीत, त्यात पाणी, आणि त्या पाण्यात तरंगणारा पिवळसर चिकटा, केस, काय काय. बंबाने एक शेपटी उचलली, धुतलेला रुमाल झटकावा तशी झटकली, आणि पुढच्या गाईत सारली.

नाकमुरडे भिंतीमागे गेला आणि ओकला. खरोखर ओकला, म्हणण्यापुरता नव्हे. परत आला तर बंब म्हणतो, "काय दादा, दिवस गेले की काय?"

त्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत जाऊन तासभर भांडला. एकच सुई वीस गाईंना टोचत होते, ते त्याने बंद करून आणलं. शेपट्यांचं मात्र त्याला जमलं नाही. डॉक्टरबाईही बोलून थकल्या. औषध वाईट नाही, आपले हात घाणेरडे आहेत, असं त्या म्हणाल्या. पण नाकमुरडेने ते कानाआड केलं. त्याच्या लेखी बादली आणि औषध एकच. कुठलीही गाय उलटली, म्हणजे कांडी भरूनही राहिली नाही, की तो ऐटीत म्हणायचा, "घ्या! घाला अजून शेपट्या!" हे म्हणताना त्याला बरं वाटायचं. वाईट गोष्ट आहे, पण वाटायचं.

मात्र एक नियम त्याने स्वतः घालून दिला होता, आणि औषधाच्या कपाटावर स्वतःच्या हाताने रंगवला होता: 'हात घातल्याशिवाय सुई नाही.' कारण माजाचं इंजेक्शन खाली गाईला माजावर आणतं, पण तेच गाभण गाईला दिलं तर पोटातला गर्भ धरून ठेवणारी पकडच सोडवतं. दोन-चार दिवसांत गाय गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. म्हणून आधी हात घालायचा, गर्भाची पिशवी चाचपायची, खाली आहे याची खात्री करायची, आणि मगच सुई. बंबाला त्याने हे इतक्या वेळा ऐकवलं होतं, की बंब झोपेतही म्हणाला असता.

आता टिकलीकडे येऊ.

टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी गाय. तिच्या जन्माच्या वेळी ती आडवी अडकली होती, आणि नाकमुरडेने दोन तास आत हात घालून तिचे पाय सरळ करून तिला बाहेर ओढली होती. बाहेर आली तेव्हा श्वास नव्हता. या माणसाने, कपाच्या डागाला शी म्हणणाऱ्या माणसाने, तिच्या नाकातला चिकटा आपल्या तोंडाने ओढून बाहेर थुंकला होता. घरी येऊन त्याने अर्धी ट्यूब संपेपर्यंत दात घासले. बायकोने विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "काही नाही. एक कालवड झाली." तेवढंच. पण तेव्हापासून चाऱ्याच्या वेळी टिकलीच्या गव्हाणीशी तो जरा जास्त रेंगाळायचा. तीही त्याची बाही चाटायची आणि तो ओली बाही तशीच ठेवायचा. बंबाने हे पाहून ठेवलं होतं.

टिकली दोनदा व्याली, चांगलं दूध दिलं, आणि मग अडली. एक कांडी, दोन, तीन, चार. दर वेळी उलटली. गोठ्याचा नियम असा, की पाच कांड्यांत जी राहणार नाही तिच्या नावापुढे साहेब लाल फुली मारतात, आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ट्रक येतो. ट्रक कुठे जातो हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं.

पाचव्या वेळेला डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, हिला शेपटी घालू. शेवटचा उपाय आहे."

नाकमुरडेने दात-ओठ खाल्ले. पण टिकलीसाठी त्याने कपाटातून नवी कोरी शेपटी काढली, नळी उकळून घेतली, तिचं अंग कोमट पाण्याने तीनदा धुतलं, आणि सगळं स्वतः केलं. बंबाला दहा हात लांब उभं केलं. सात दिवस, मग इंजेक्शनं, मग कांडी.

"राहील ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"राहायची नाही," तो म्हणाला. "असल्या भानगडींनी काही राहत नाही." मनात मात्र तो रोज दिवस मोजत होता.

एकवीस दिवस गेले, टिकली गप्प. पाळी चुकली म्हणायची. महिना झाला. डॉक्टरबाईंकडे पोटातलं चित्र दाखवणारं यंत्र होतं, पण त्याची वायर एका गाईने खुराखाली चिरडली आणि यंत्र दुरुस्तीला गेलं. बाई म्हणाल्या, यंत्र आलं की बघू, नाहीतर पन्नासाव्या दिवशी तुम्ही हाताने बघा.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी नाकमुरडे आवारात आला आणि थबकला. टिकलीवर दुसरी गाय चढली होती आणि टिकली शांत उभी होती. मागे चिकट स्रावाची बोटभर लांब तार लोंबत होती, काचेसारखी. माजाची खूण!

"घ्या!" तो ओरडला. "राहणार, राहणार म्हणत होत्या! उलटली शेवटी!"

आता इथे थांबून एक सांगायला हवं. शंभरातल्या चार-पाच गाई पोटात गर्भ असतानाही असा खोटा माज दाखवतात. हे डॉक्टरबाईंना माहीत होतं, आणि नाकमुरडेला तर त्या जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. पण दोन वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं होतं. औषध हरलं होतं. आपलंच खरं झालं की माणूस पुढचं बघत नाही.

त्याच दिवशी कांडी भरून मोकळा झाला असता, तर कांड्या गोठवून ठेवायच्या टाकीतला गार वायूच संपलेला. साहेबांना वेळेवर मागवायचं सुचलं नव्हतं, आतल्या सगळ्या कांड्या वाया गेल्या होत्या, नव्या आठवड्याने येणार होत्या. नाकमुरडेने साहेबांना, टाकीला आणि सगळ्या जगाला शिव्या घातल्या. मग तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी टिकलीच्या नावापुढे फुली मारलीच होती.

"पाच झाल्या, काका," साहेब म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"एक द्या अजून. ट्रकाच्या आधी भरतो."

साहेबांनी भिंतीवरच्या तारखांकडे बघितलं. "ट्रकाच्या आधी भरलीत तर एक महिना थांबवतो. नाही भरलीत तर चढवायची. मग रडगाणं नको."

हिशेब सोपा होता. हा माज वाया गेला, म्हणून पुढच्या मंगळवारी माजाचं इंजेक्शन, शुक्रवारी नवा माज, शनिवारी कांडी. सोमवारी ट्रक. एक दिवससुद्धा वाया घालवायला नव्हता.

याच सुमाराला हातमोज्यांची बोंब झाली. गाईत घालायचे हातमोजे म्हणजे खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लास्टिकचे. वापरला की फेकला. साहेबांनी त्यांची मागणीही लांबवली आणि वर हुकूम काढला, संपेपर्यंत धुऊन वापरा. बंब खूश. त्याने दोरी बांधली आणि तिच्यावर पंधरा-वीस हातमोजे वाळत घातले. वाऱ्याने ते फुगायचे आणि बोटं हलवायचे.

"शी, शी, शी!" नाकमुरडे त्या दोरीखालून जातही नसे. त्याने आपल्यापुरता एक नवा डबा कुलपात ठेवला होता. घरी जेवताना हेच पुराण चालू झालं तेव्हा बायकोने ताट खाली ठेवलं.

"अहो, हात धुता येतो, तसा मोजाही धुता येतो."

"तुला नाही कळायचं. दुसऱ्याचा घाम असतो त्याच्यात."

"मला इतकंच कळतं," ती म्हणाली, "सगळ्या जगाचा वास तुम्हाला येतो. तुमच्या बोलण्याचा मात्र येत नाही."

त्याने ताट संपवलं, आणि उठून ते स्वतःच दोनदा विसळलं.

मंगळवार उजाडला. अकरा गाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. त्याने ओळीने काम सुरू केलं. नवा हातमोजा, हात, खाली आहे, नवी सुई, पुढे. दहावी गाय झाली आणि त्याने डब्यात हात घातला, तर डबा रिकामा. अकरावी टिकली.

"बंब! मोजा आण."

बंब दोरीवरचा एक घेऊन आला. "घ्या दादा. धुतलाय चांगला. साबणाने."

नाकमुरडेने तो हातात धरला. बाहेरून बरा दिसत होता. त्याने बोटं आत घातली. मनगटापर्यंत गेला आणि थांबला. आत ओलं होतं. गार, बुळबुळीत ओलं, आणि त्या ओल्यात कुणाच्या तरी हाताचा आंबट वास. अंगठ्याला एक केस चिकटला.

"शीऽऽ!" त्याने मोजा ओढून काढला आणि गटारात फेकला. "हे माणसं वापरतात? अरे, जनावरंसुद्धा..."

"मग हात कसा घालणार?"

"कशाला घालायचा? माझ्या डोळ्यांनी बघितलंय हिला माजावर. एकतीस वर्षं झाली, मला काय माज कळत नाही?"

बंबाने कपाटाकडे मान वळवली. वर ते रंगवलेलं वाक्य होतं. त्याने ते वाचलं, नाकमुरडेकडे बघितलं, आणि तोंड उघडून परत मिटलं. एरवी नको तिथे तोंड चालवणारा माणूस, नेमका तेव्हा गप्प बसला.

साबण लावून उघडा हात घालता आला असता. तरुणपणी, मोजे मिळत नव्हते तेव्हा, नाकमुरडेने वर्षानुवर्षं तसाच घातला होता. त्या क्षणी त्याला ते आठवलंसुद्धा नाही. त्याने नवी कोरी सुई काढली, टिकलीची मान कापसाने पुसली, आणि अगदी स्वच्छ, नीट, एका झटक्यात इंजेक्शन दिलं. टिकलीने मान वळवून त्याची बाही चाटली.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. माज बघायचा होता. टिकली शेपटी वर करून, पाठ वाकवून उभी होती. मागचे पाय ओले होते. तार होती, पण काचेसारखी नव्हती, तांबूस होती. त्याने खाली बघितलं. शेणाच्या नालीच्या काठाला, पेंढ्यात, पातळ पिशवीसारखं काहीतरी पडलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. पेंढा बाजूला केला आणि ते उचलून तळहातावर घेतलं. मोजा घातलेला नव्हता. पिशवी फाटली होती आणि आत अंगठ्याएवढं वासरू होतं. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. चारही पाय, तांदळाच्या दाण्यासारखे. सगळं जागच्या जागी होतं. पन्नास दिवसांत जेवढं व्हायचं तेवढं झालेलं होतं.

औषध लागू पडलं होतं. आधीच्या चार कांड्यांत जे झालं नव्हतं ते शेपटीने केलं होतं. आणि मग त्याने ते मारलं होतं.

त्याला स्वतःची किळस आली. अशी, की आधीच्या सगळ्या शी त्यापुढे लाडाच्या वाटाव्यात. बादलीची नव्हे, बंबाची नव्हे, आपल्या या नाजूक, तीनदा धुतलेल्या हाताची. जिथे जायला हवा होता तिथे हा हात गेला नाही. का, तर आत जरा ओलं होतं म्हणून! त्याला वाटलं, ओकावं, पण ओकारीही आली नाही.

भिंतीवर पाण्याची नळी लटकत होती. गोठ्यात अजून कुणी नव्हतं. नळी सोडली असती तर दोन मिनिटांत नाली स्वच्छ झाली असती. टिकली काय, पुन्हा उलटली म्हणता आलं असतं. पण गाभडलेली पिशवी लगेच भरता येत नाही, तिला महिना-दीड महिना विसावा लागतो. म्हणजे शनिवारी कांडी नाही. म्हणजे वहीत लिहिलं जाणार, पाच कांड्या झाल्या, राहत नाही. म्हणजे सोमवारी ट्रक. राहणारी गाय, न राहणारी म्हणून जाणार, आणि खरं माहीत असणारा माणूस नळी हातात धरून उभा!

"हरामखोर," तो स्वतःलाच म्हणाला. नळी जागेवर राहिली.

साहेबांची खोली आवाराच्या पलीकडे होती. साहेब गोठ्यात सहसा येत नसत. त्यांच्या टेबलावर काच होती आणि खोलीत सुगंधी फवारा मारलेला असायचा. नाकमुरडे आत गेला, आणि हातातलं त्या काचेवर, ट्रकाच्या यादीशेजारी, हलकेच ठेवलं.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "शी! हे काय? उचला! उचला आधी!"

"नाही उचलत. आधी बघा."

"काय आहे हे?"

"टिकलीचं वासरू. पन्नास दिवसांचं. गाभण होती ती."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. यादीकडे बघितलं, मग काचेकडे, मग पुन्हा यादीकडे. माणूस काटकसरी असला तरी मठ्ठ नव्हता. "मंगळवारी इंजेक्शन दिलंत ना हिला?"

"दिलं."

"म्हणजे या औषधानेच झालं. तुम्ही पहिल्यापासून म्हणतच होता, ही औषधं वाईट." त्यांचा आवाज मवाळ झाला. "तसं लिहूया का? औषध बाधलं म्हणून? कंपनीला कळवू. तुमच्यावर काही यायला नको."

दोन वर्षं नाकमुरडे हे वाक्य साहेबांच्या तोंडून ऐकायला तडफडत होता. आता ते आयतं, हात जोडून पुढ्यात आलं होतं.

"औषधाने आपलं काम चोख केलं," तो म्हणाला. "आधी गाभण ठेवली तेही त्यानेच, आणि गाभडवली तेही त्यानेच. ते सांगाल तसंच वागतं. मी हात घातला नाही."

"का?"

"मोजा ओला होता."

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. नियम ज्याने कपाटावर रंगवला तो हा माणूस.

"मला काय म्हणायचंय ते ऐका," नाकमुरडे म्हणाला. "ती राहते. समोर पुरावा पडलाय. तिच्या नावापुढची फुली खोडा. माझ्या नावापुढे मारा हवी तर."

साहेबांनी पेन उचललं आणि फुली खोडली. मग हात पुढे केला. "कपाटाची किल्ली द्या. आजपासून सुईला हात लावायचा नाही. डॉक्टरबाई देतील, नाहीतर बंब देईल. आणि स्वच्छतेची एवढी हौस आहे ना तुम्हाला? ते मोजे धुवायचं काम आजपासून तुमचं."

नाकमुरडेने किल्ली काचेवर ठेवली. मग वासरू पुन्हा उघड्या हातात घेतलं आणि आवाराच्या कोपऱ्यात, झाडाखाली, हातभर खड्डा खणून पुरलं. बंब लांबून बघत होता. बऱ्याच वेळाने तो जवळ आला आणि म्हणाला, "दादा, मी बोलायला हवं होतं."

"तू कशाला बोलतोस? ओरडलो असतो तुझ्यावर."

"ते खरंय," बंब म्हणाला.

सोमवारी ट्रक आला. पाच गाई चढल्या. टिकली गव्हाणीशी उभी राहून चारा खात होती, तिला कशाचा काही पत्ता नव्हता.

नाकमुरडे नळाशी बसायचा. प्रत्येक मोजा उलटा करायचा, कारण सगळी घाण आत असते आणि बंब इतके दिवस बाहेरूनच धूत होता. गरम पाणी, साबण, पुन्हा पाणी, मग औषधाचं पाणी, मग उन्हात, उलटाच. आतून वाळला की सुलटा करून दुसऱ्या बाजूने. शेवटी प्रत्येकात स्वतःचा हात घालून बघायचा. पहिल्या आठवड्यात त्याला दर वेळी मळमळायचं. बायकोने विचारलं, तर म्हणाला, "मोजे धुतो." ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्याच्या हातांना लावायला तेलाची बाटली पुढे सरकवली, कारण बोटांची सालं निघत होती.

साहेबांनी नव्या मोज्यांचे डबे मागवले ते तीन आठवड्यांनी आले. त्याच्या आदल्या दिवशी, गाभडल्यानंतर पिशवी सावरली का ते बघायला, टिकलीची तपासणी होती. डॉक्टरबाईंचं यंत्र अजून आलेलं नव्हतं. त्यांनी बाह्या सारल्या, मग थांबल्या आणि मागे वळून बघितलं.

"काका, तुम्हीच बघा."

"मला बंदी आहे."

"सुईची आहे. हाताची नाही."

नाकमुरडे उठला. दोरीवरून एक मोजा ओढला. कुणी-कुणी, कितीदा वापरलेला, देव जाणे. त्याने तो खांद्यापर्यंत चढवला आणि टिकलीच्या मागे उभा राहिला. बंब चारा टाकायचं सोडून बघत उभा. टिकलीने मान वळवली, पण बाही तिच्यापासून लांब होती.

तो बराच वेळ आत हात घालून, डोळे मिटून उभा राहिला. डॉक्टरबाईंनी दोनदा 'काय?' म्हणून विचारलं. पिशवीची एक बाजू चाचपली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कुठे सूज नव्हती, कुठे पू नव्हता, कुठे गाठ नव्हती. कुठे काहीच नव्हतं.

मग त्याने हात बाहेर काढला.

"खाली आहे," तो म्हणाला. "पण स्वच्छ आहे."